अनोळखी तळ्यावरचे दोन दिवस

गळाने मासे धरण्याचा छंद नव्याने जडलेला मनुष्य अनुभवी माणसाला बहुधा एकच प्रश्न विचारतो. "दोन दिवसांची रजा मिळाली आहे, रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या तळ्यावर रोहू-कटल्यासाठी बसावे असा बेत आहे, पण ते तळे मी पूर्वी कधी पाहिलेले नाही. तर आमिष कोणते न्यावे?" प्रश्न स्वाभाविक असला, तरी जे शेवटी विचारायचे ते त्यात आधी विचारलेले असते. आमिष योग्य असूनही ते मासा नसलेल्या जागी, मासा न खाणाऱ्या वेळी किंवा ज्या पाण्यावर आपला काही अधिकार नाही अशा पाण्यात टाकले, तर त्याचा उपयोग शून्य होय. म्हणून या प्रकरणात आपण प्रश्नांचा क्रम सुलट करू: हाती वेळ किती, मासे तेथे आले कोठून, पाणी कोणाचे, ऋतू कोणता, तळ कसा, मासा कोणत्या थरातला, वारा कोठून, आणि इतके झाल्यावर आमिष. ओळखीच्या पाण्यावर यांतील पुष्कळ गोष्टी सवयीने कळतात; अनोळखी पाण्यावर त्या विचारपूर्वक मिळवाव्या लागतात, आणि अल्प मुदतीच्या सहलीचे यश या मिळवण्यावरच अवलंबून असते.

१. वेळेचा हिशेब

समजा, शनिवारी सकाळी आठ वाजता आपण तळ्यावर पोहोचणार आणि रविवारी अकरा वाजता परतीला लागणार. धरणाच्या हद्दीत रात्री थांबण्यास सहसा मज्जाव असतो, तेव्हा रात्र वगळू. शनिवारचे सायंकाळी सहापर्यंतचे दहा तास आणि रविवारचे सकाळी सहापासूनचे पाच, असे पंधरा तास उरतात. अधीर मनुष्य या पंधरा तासांत सहा जागा चाचपून पाहतो. म्हणजे प्रत्येक जागेच्या वाट्याला अडीच तास येतात. परंतु रोहू, मृगळ किंवा सायप्रिनस हे मासे चाऱ्याच्या वासाने हळूहळू गोळा होणारे आहेत. त्यांना जागेवर यायला आणि भीती टाकून खाऊ लागायला तास-दोन तास सहज लागतात. परिणामी जागा फळाला येण्याच्या बेतात असतानाच हा गृहस्थ बिऱ्हाड उचलून पुढच्या जागेकडे निघालेला असतो.

याउलट जो पहिले तीन तास काठी न उघडता केवळ पाहण्यात आणि खोली मोजण्यात घालवील, त्याच्यापाशी बारा तास शिल्लक राहतात. ते दोनच जागांत वाटले, तरी प्रत्येकीला सहा तास मिळतात. थोड्या वेळात अधिक हिंडण्याने नव्हे, तर अधिक निवडण्याने मासा मिळतो, हे या प्रकरणाचे मुख्य सूत्र समजावे.

२. हे मासे तळ्यात आले कोठून?

ज्या कुळाला आपण कार्प म्हणतो, त्यातील रोहू, कटला आणि मृगळ हे तिन्ही मूळचे उत्तर भारतातील मोठ्या नद्यांचे रहिवासी होत. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या गंगेतील माशांवरील ग्रंथात त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. कोकणातल्या आखूड, वेगवान आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्यांत ते नैसर्गिकरीत्या नव्हते. सायप्रिनस तर परदेशातून आणलेला आहे. त्याची एक जात १९३९ साली सिलोनमधून निलगिरीत आली आणि दुसरी १९५७ साली बँकॉकहून कटकला. गवत्या आणि चंदेरा हे दोन मासे १९५९ साली अनुक्रमे हाँगकाँग व जपान येथून आले.

यात एक महत्त्वाचा भेद लक्षात ठेवावयास हवा. सायप्रिनस स्थिर पाण्यात, पाणवनस्पतींना अंडी चिकटवून, सहज वाढतो. रोहू, कटला व मृगळ यांना मात्र अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते, आणि बांधलेल्या तळ्यात ते सामान्यतः मिळत नाही. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून त्यांचे बीज नदीवर विसंबून न राहता केंद्रांत तयार होऊ लागले. त्या दिवसाचे स्मरण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

आपल्या सहलीशी याचा संबंध असा की, रायगडातल्या तळ्यात रोहू दिसला, तर तो जवळपास निश्चितपणे कोणीतरी पैसे खर्चून सोडलेल्या बोटुकलीचा वाढलेला मासा असतो. म्हणून स्थानिक माणसाला "येथे मासे आहेत का?" असे मोघम विचारण्यापेक्षा "बोटुकली शेवटची कोणत्या वर्षी सोडली आणि कोणकोणत्या जातींची?" असे विचारावे. चांगले खाद्य मिळणाऱ्या तळ्यात कटला वर्षभरात किलोच्या आसपास जातो; मोठ्या जलाशयात वाढीचा वेग खाद्यानुसार कमीअधिक होतो. बीज गतवर्षीच पडले असेल, तर बारीक तंगूस आणि लहान गळ पुरेल. चार-पाच वर्षांपूर्वी सोडून नंतर जाळ्यांतून निसटलेले मासे असतील, तर सामानाची तजवीज निराळी करावी लागेल. एका उत्तरातून माशाची जात, आकारमान आणि साधनांची निवड, तिन्ही उलगडतात.

३. पाणी कोणाचे?

ज्या अर्थी मासे सोडलेले आहेत, त्या अर्थी त्यांवर कोणाचा तरी हक्क आहे. तळे सार्वजनिक दिसले, म्हणून ते बेवारस ठरत नाही. एकट्या रायगड जिल्ह्यातच मालकीचे किती प्रकार आढळतात ते पाहावे. पेण तालुक्यातील भोगेश्वरी नदीवरचे हेटवणे धरण सिडकोच्या वसाहतींना पाणी पुरवते. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेचे आहे. उरणजवळचे रानसई औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे. भिरा येथील पाणी १९२७ सालापासून टाटांच्या जलविद्युत केंद्राशी निगडित आहे. आणि गावोगावची लहान तळी ग्रामपंचायतींच्या ताब्यात असतात. शिवाय पाण्याचा मालक एक आणि मासेमारीचा इजारदार दुसरा, असेही पुष्कळदा असते. कारण जलाशयांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठरावीक मुदतीने सहकारी मच्छीमार संस्थांना दिला जातो.

तेव्हा निघण्यापूर्वी दोन ठिकाणी चौकशी करून खातरजमा करावी: पाण्याच्या मालकाच्या कचेरीत काठावर प्रवेशाबद्दल, आणि ठेकेदार संस्थेत गळाच्या परवानगीबद्दल. संस्था कोणती, हे अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळू शकते. पकडलेला मासा परत सोडायचा की वजनावर पैसे भरून न्यायचा, किती काठ्या लावता येतील, नावेतून जाता येईल की नाही, या अटी आधीच बोलून घ्याव्यात. गळाची मासेमारी शिस्तीने चालू शकते, याचे उदाहरण मुंबईच्या पवई तलावावर दिसते. तेथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या संस्थेने सभासदत्व व परवाने यांची पद्धत दीर्घकाळ चालवली आहे.

काही पाणी मात्र परवान्यानेही खुले होत नाही, आणि ते तसे न होणेच इष्ट आहे. मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात 'गाण' म्हणून ओळखले जाणारे पाणवठे आहेत. ते वन्य जीवांसाठी राखलेले असून तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. त्यातील महसीर, जे कार्पच्याच कुळातले आहेत, वरदायिनी देवीचे मासे मानले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात आणि कोणी त्यांना धरीत नाही. कायद्याच्या कलमाने जे क्वचित साधते, ते तेथे श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या साधले आहे. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच बंदी केलेली आहे. असा प्रकार दृष्टीस पडल्यास तो संस्थेला आणि पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

४. केव्हा जावे?

कोकणात वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यामुळे एकच तळे वर्षभरात तीन निरनिराळ्या स्वरूपांत भेटते. पहिल्या पावसाबरोबर ओहोळ वाहू लागले की मासे अंडी घालण्यासाठी उताराविरुद्ध शेतांकडे चढतात. यालाच आपल्याकडे वलगण म्हणतात. पोटात गाभोळी भरलेला मासा या दिवसांत अगदी सहज हाती लागतो. पण तो धरण्याने पुढच्या हंगामाची बीजभूमीच नष्ट होते, म्हणून ज्याला या छंदाविषयी खरी आस्था आहे त्याने जून ते ऑगस्ट हे महिने गळ गुंडाळून ठेवावा. त्या काळात सांडवे वाहत असतात, काठ निसरडे असतात आणि पाणी गढूळ असते, ही कारणे निराळीच.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ अनोळखी तळ्यावर जाण्यास उत्तम. पाणी निवळलेले, तळे भरलेले आणि हवा सौम्य असते. मासा शीत रक्ताचा असल्याने पाणी थंड झाले की त्याची भूक मंदावते, पण रायगडच्या किनारपट्टीवर थंडी इतकी कडक पडत नाही की रोहूने खाणे सोडावे. मार्चपासून पाणी ओसरते व तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. मे महिन्यात पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ती भूक नसून घुसमट असते. अशा वेळी त्यांना गळाला लावणे म्हणजे दुर्बलावर घाला घालणे होय.

परंतु मे महिन्यातील फेरी अन्य एका कारणाने बहुमोल ठरते, आणि ते कारण पुढील विभागाचा विषय आहे.

५. तळाचा नकाशा

भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग सगळीकडे सारखाच दिसतो. मासा मात्र सगळीकडे सारखा नसतो, कारण पाण्याखालची जमीन सारखी नसते. धरण बांधण्यापूर्वी तेथे ओढा होता, त्याचे पात्र होते, शेतांचे बांध, पायवाटा, क्वचित एखादी विहीर किंवा वाडीची जोती होती. माशांची ये-जा या जुन्या पात्राच्या कडेने होते, आणि उथळ शेतजमीन जेथे पात्रात उतरते त्या कडेवर ते चरण्यासाठी थांबतात. खोल पाण्याचा आसरा जवळ आणि खाद्य समोर, असे स्थळ त्यांना प्रिय असते. तेव्हा आपले काम म्हणजे ही कड शोधणे.

ती शोधण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर काठाने फिरून उघड्या पडलेल्या तळाचे टिपण करावे. पुढे ऑक्टोबरात तीच जागा पाण्याखाली असेल, पण आपल्याला ती दिसत राहील. ज्याला मे महिन्यात जाणे जमत नाही त्याने उन्हाळ्यातली उपग्रहचित्रे पाहावीत.

दुसरा मार्ग जुन्या नकाशाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. धरणापूर्वीच्या आवृत्तीत ओढ्याची रेघ स्पष्ट असते. एक उदाहरण घेऊ: आज काठावर उभे असलेले देऊळ नकाशावर ओढ्याच्या वळणापासून अर्धा सेंटिमीटर पूर्वेस दाखवले आहे, म्हणजे ते वळण देवळाच्या पश्चिमेस अडीचशे मीटरवर पाण्याखाली आहे. गळ इतका दूर जात नसेल, तर देवळापाशी बसण्यात अर्थ नाही. जेथे तीच रेघ आजच्या काठाच्या तीस-चाळीस मीटर जवळून जाते, असे स्थळ नकाशावरच धुंडाळावे.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष मोजणीचा. तंगुसाच्या टोकाला गळ न लावता केवळ शिशाचे वजन बांधावे. प्रथम ज्या जागेची खोली काठीने मोजता येते, समजा दोन मीटर, तेथे वजन सोडून ते तळाला टेकेपर्यंत एका लयीत आकडे मोजावेत. दोन आकड्यांत ते टेकले, तर एक आकडा म्हणजे सुमारे एक मीटर, असे आपले माप ठरले. आता वजन दूर फेकून, ते पाण्यात पडल्यापासून दोर सैल पडेपर्यंत मोजावे. तीस मीटरवर पाच आकडे, पंचवीस मीटरवर पाच, आणि वीस मीटरवर एकदम तीनच आले, तर वीस व पंचवीस मीटरांच्या दरम्यान कड आहे हे सिद्ध झाले. वजन ओढून घेताना ते अडखळत आले, तर तळ खडकाळ. जड होऊन गुळगुळीत आले, तर गाळ. आणि त्याला हिरवे तंतू चिकटून आले, तर शेवाळ. किनाऱ्यावरचे आपले कोळी बांधव शिसे सोडून समुद्राची खोली वावांत मोजत आले, त्यामागील तत्त्वही हेच.

६. कोण कोणत्या थरात?

जागा निश्चित झाल्यावर गळ किती खोल ठेवावा, हा प्रश्न येतो. आणि त्याचे उत्तर माशाच्या तोंडात लिहिलेले असते. तळे हे कोकणातले जुने घर आहे असे मानले, तर कटला माळ्यावर राहतो, रोहू माजघरात आणि मृगळ जमिनीलगत. कटल्याचे डोके मोठे व खालचा जबडा वर वळलेला असतो, कारण तो पृष्ठभागालगतचे सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचे तोंड किंचित खाली झुकलेले, ओठांच्या कडा झालरदार. तो मधल्या थरात वनस्पतींचा अंश खुडतो. मृगळाचे तोंड लहान व खालच्या बाजूस. तो तळावरचे कुजके द्रव्य वेचतो. एकाच तळ्यात तिघांना एकत्र वाढवण्याची मिश्र मत्स्यशेती शक्य होते ती या विभागणीमुळेच. सायप्रिनसला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असून तो त्यांनी गाळ चाचपतो, म्हणून तोही तळाचाच मासा समजावा.

या सर्वांना जबड्यात दात नसतात; दात घशात असतात, आणि तेथे खाद्य भरडले जाते. खरे जठरही नसते. जठर नसलेला प्राणी एकदाच पोटभर साठवून घेऊ शकत नाही. त्याला थोडे थोडे आणि वारंवार खावे लागते. चारा टाकण्याची रीत या एका गोष्टीवर ठरते, ती पुढे पाहू.

आणखी एक शारीरिक विशेष सांगितला पाहिजे. या कुळातील माशांच्या वाताशयापासून अंतःकर्णापर्यंत बारीक अस्थींची एक साखळी असते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचे वर्णन केले. पाण्यातील कंपने वाताशयाला जाणवतात आणि या अस्थींच्या द्वारा कानापर्यंत पोहोचतात, त्यामुळे हे मासे अन्य पुष्कळ माशांपेक्षा चांगले ऐकतात. काठावर आपटलेला पाय, नावेत पडलेले भांडे किंवा पाण्यात फेकलेला दगड त्यांना आपले आगमन कळवतो. शांतपणे बसावे हा उपदेश केवळ शिष्टाचाराचा नाही, तो शरीरशास्त्राचा आहे.

७. वारा आणि प्रहर

रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळा सोडल्यास वाऱ्याचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. खारे वारे दुपारच्या सुमारास जोर धरतात व संध्याकाळी मंदावतात.

वारा पृष्ठभागावरचे पाणी आणि त्यातील सूक्ष्म जीव ज्या काठाकडे लोटतो, त्या काठावर खाद्य जमते, लाटांनी प्राणवायू मिसळतो आणि मासे तिकडे सरकतात. आता अलिबाग किंवा मुरूड तालुक्यातील एखादे मोकळे तळे घ्या. दुपारी वारा पश्चिमेकडून येत आहे, म्हणजे खाद्य पूर्व काठाला लागत आहे. म्हणून तिसऱ्या प्रहरी पूर्व काठावर, वारा तोंडावर घेऊन बसावे. तेथून गळ दूर फेकणे अवघड जाते खरे, परंतु मासाच जवळ येत असल्याने दूर फेकण्याची गरजही कमी होते. भोवती डोंगर असल्यास वाऱ्याची दिशा वळते. अशा ठिकाणी पुस्तकावर विश्वास न ठेवता फेस व पाने कोणत्या काठाला साचली आहेत ते पाहावे.

प्रहराविषयीचा एक समज तपासून घ्यावा. पहाटेची वेळ सर्वोत्तम, असे सरसकट म्हटले जाते. निवळ पाण्याच्या जलाशयावर ते बहुधा खरे ठरते. पण ज्या गावतळ्याचे पाणी शेवाळाने हिरवेगार आहे, तेथे रात्रभर शेवाळही श्वसन करून प्राणवायू खर्च करते, आणि सूर्योदयाच्या वेळी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. उन्हे पाण्यावर येऊन शेवाळाने पुन्हा प्राणवायू निर्माण करीपर्यंत मासा सुस्त राहतो. तेव्हा हिरव्या तळ्यावर सकाळी आठ-नऊनंतर बसणे श्रेयस्कर, आणि जलाशयावर मात्र सहाच्या ठोक्याला.

८. चारा, आमिष, गळ

इतकी तयारी झाल्यावर आमिषाचा प्रश्न फारच सोपा होतो. चाऱ्यासाठी भाजलेला भाताचा कोंडा दोन भाग व शेंगदाण्याची पेंड एक भाग घेऊन, त्यात मुठीने बांधला जाईल इतकेच पाणी घालावे. लिंबाएवढे पाच-सहा गोळे निवडलेल्या कडेवर प्रारंभी टाकावेत, आणि मग अर्ध्या अर्ध्या तासाने एक. मासे पोटात साठा करीत नाहीत, हे आपण पाहिलेच. म्हणून एकदाच पाटीभर चारा ओतण्यापेक्षा थोडा व नियमित चारा त्यांना जागेवर धरून ठेवतो. शिवाय न खाल्लेला चारा कुजून पाणी बिघडवतो. गावाला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या तळ्यावर तर चारा अत्यल्प असावा किंवा मुळीच नसावा.

गळाला मृगळ व सायप्रिनससाठी गांडूळ किंवा घट्ट मळलेली कणीक लावून ती तळावर टेकवावी. रोहूसाठी कणकेत पेंड मिसळून, तरंगाच्या साह्याने ती तळापासून हातभर वर लटकवावी. कटल्यासाठी मात्र पाण्यात हळूहळू विरघळणारी मऊ कणीक आणि वरचा थर. विरघळणाऱ्या कणांच्या ढगात तोंड उघडून तो शिरतो आणि त्याच घोटाबरोबर गळ आत जातो. तीन काठ्या तीन थरांत लावणे मोहक वाटते. परंतु एका माणसाचे लक्ष दोनांपलीकडे राहत नाही.

९. काठावरची शिस्त

किनारपट्टीच्या जांभ्या कातळावर आणि दगडांच्या फटींत फुरसे असते; उघड्या पायांनी हिंडू नये, आणि सर्पदंशावर उपचार होणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते ते निघण्यापूर्वीच माहीत करून घ्यावे. ओसरत्या तळ्याचा वरून सुकलेला दिसणारा गाळ पाऊल पडताच माणसाला मांडीपर्यंत ओढतो. महाडकडे सावित्री नदीत मगरी आहेत. त्या भागातल्या पाण्याकाठी गुडघाभर पाण्यातही उतरण्यापूर्वी स्थानिकांस विचारावे. कोलाड-भिरा परिसरात वीजकेंद्रातून पाणी सुटले की कुंडलिकेची पातळी थोड्या वेळात चढते. सांडव्याखाली आणि विमोचकापाशी कधीही बसू नये.

परत सोडायचा मासा ओल्या हातांनी, पाण्याच्या जवळ धरावा. उन्हात तापलेल्या दगडावर तो क्षणभर ठेवला, तरी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो, आणि तोच त्याचे रोगांपासून रक्षण करीत असतो. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी न्यावा. पाणपक्ष्यांच्या पायांना त्याचा फास बसतो.

१०. टिपणवही

पहिल्या सहलीचे खरे उत्पन्न पाटीत मावत नाही. ते वहीत मावते. तारीख, पाण्याची पातळी, वाऱ्याची दिशा, कोणत्या जागी किती खोली, तळ कसा, कोणत्या वेळी कोणता मासा आणि कोणत्या आमिषावर, इतके जरी लिहून ठेवले, तरी दुसऱ्या खेपेस पाहण्याचे तीन तास एका तासावर येतात, आणि ते तळे आपल्यापुरते अनोळखी राहत नाही.

परंतु ही वही केवळ स्वतःपुरती ठेवू नये. वर्षानुवर्षे एकाच जागी खोली मोजणाऱ्याला तळे गाळाने भरत चालल्याचे फार लवकर कळते. गतवर्षी पाच आकड्यांना टेकलेले वजन यंदा चाराला टेकले, की तळ वर आला किंवा पाणी तरी उतरले, आणि पातळीची नोंद जवळ असेल, तर दोहोंपैकी काय घडले तेही सांगता येते. रायगडातली पुष्कळ गावे याच पाण्यावर तहान भागवतात आणि काही कुटुंबे याच पाण्यावर पोट भरतात. तेव्हा परत येताना मच्छीमार संस्थेच्या चिटणीसांना आपली मोजमापे आणि पकडलेल्या माशांच्या जाती-वजनांची नोंद द्यावी, पाण्यात काही विपरीत आढळले तर ते ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. ज्या संस्थेने परक्या माणसाला आपल्या पाण्यावर बसू दिले, तिच्या दप्तरात चार उपयुक्त ओळींची भर घालणे हा त्या परवानगीचा न्याय्य मोबदला आहे. आणि पुढच्या वर्षी तीच संस्था दुसऱ्या कोणा नवख्याला "या, बसा" असे म्हणेल की नाही, हे बऱ्याच अंशी आपण तो मोबदला दिला की नाही यावरच ठरणार आहे.